लायपोसक्शनने जातं ते कोणतं पोट?

पत्र: "मी मालवणजवळच्या गावात राहते. वय ४१, उंची १५७ सेंटीमीटर, वजन ७२ किलो. दोन मुलं, दोन्ही सिझर. आमचा होमस्टे आहे, सोबत घरगुती खानावळ. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट सुटलं ते सुटलंच. बेंबीखालचा भाग लोंबतो, साडी नेसली की निऱ्यांच्या वर वळी येते. मोबाईलवर मुंबईतल्या एका क्लिनिकची जाहिरात सारखी दिसते: लेझर लायपोसक्शन, एका दिवसात १० किलो कमी, टाका नाही, त्याच दिवशी घरी. मेमध्ये पुतण्याचं लग्न आहे, त्याआधी करून घ्यावं असं मनात आहे. यजमानांना आणि सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आलंय, आईला डायबेटिस होता. चरबी काढली की शुगरही खाली येईल का? किती किलो जातील? गेलेली चरबी परत येते का? आणि चुलीपुढे कधी उभी राहू शकेन?"

ताई,

तुम्ही वजन, उंची, सिझर, शुगर सगळं मोकळेपणाने लिहिलंत, त्यामुळे मोघम न बोलता उत्तर देता येतंय. दोन गोष्टी आधीच सांगते. मेमधल्या लग्नाआधी हे करू नका. आणि ते १० किलो डोक्यातून काढून टाका, कारण तो आकडा तुमच्या शरीराच्या बाबतीत खरा होऊच शकत नाही.

लायपोसक्शन ही वजन उतरवायची शस्त्रक्रिया नाही. ठरावीक जागी साठलेली चरबी काढून तिथला आकार बदलायचा, एवढंच तिचं काम. एका वेळी शरीरातून शोषून काढायचा एकूण ऐवज साधारण ५ लिटरच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्याहून जास्त काढायचं तर ते मोठं ऑपरेशन धरलं जातं आणि रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली राहावं लागतं. पण या ५ लिटरमध्ये सगळी चरबी नसते. आधी आत सोडलेलं पाणी आणि थोडं रक्तही त्यातच असतं. शोषलेला ऐवज ज्या बाटलीत जमा होतो ती थोडा वेळ स्थिर ठेवली की दोन थर दिसतात: वर पिवळी चरबी, खाली लालसर पाणी. जाहिरातीत भरलेली बाटली दाखवतात, तेव्हा वरचा थर किती आहे ते बघायचं. एक लिटर चरबीचं वजन साधारण ९०० ग्रॅम भरतं. समजा तुमच्या पोटातून आणि दोन्ही कुशींतून ३ लिटर ऐवज निघाला आणि त्यात २ लिटर चरबी असली, तर गेले १ किलो ८०० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभ्या राहिलात तर काटा उलट वाढलेला दिसेल, कारण सोडलेलं पाणी आणि सूज अजून अंगात असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना काट्यावर चढूच नये. टेप घ्या आणि बेंबीच्या रेषेत घेर मोजा. कपड्यांचं एखादं माप कमी होणं ही रास्त अपेक्षा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की भाग "लोंबतो". या एका शब्दावर सगळा निर्णय अवलंबून आहे.

पोट पुढे येतं ते चार थरांपैकी कशामुळेही येऊ शकतं. बाहेर कातडी, तिच्याखाली चिमटीत येणारी चरबी, त्याखाली पोटाचे स्नायू आणि स्नायूंच्या आत आतड्यांभोवतीची चरबी. लायपोसक्शनची नळी यांपैकी फक्त दुसऱ्या थरात फिरते. बाकीच्या तिघांना ती हात लावत नाही, लावूही नये. तेव्हा तुमचं पोट कोणत्या थराचं आहे, ते आधी बघायला हवं. घरच्या घरी अंदाज येतो. सकाळी, काही खाण्याआधी, पाठीवर सपाट झोपा आणि पोट सैल सोडा. बेंबीच्या दोन बोटं खाली अंगठा आणि तर्जनीत चिमूट धरा. चिमटीत जाड, भरीव वळी आली तर चरबी आहे. नुसती पातळ, सुरकुतलेली, ओढली की वर येणारी कातडी आली तर तिथे काढण्यासारखं फारसं नाही. झोपल्यावरही पोट वर टणक राहिलं आणि चिमटीत काही येत नसेल तर चरबी आत आहे. तिथे नळी पोचत नाही, ती आहाराने आणि चालण्यानेच उतरते.

मग गुडघे दुमडा, एका हाताची बोटं बेंबीच्या वर मधोमध ठेवा आणि मान उचलून पायांकडे बघा. बोटांच्या दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा घट्ट होताना जाणवतील. त्यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट असेल, किंवा मधली रेषा उंचवट्यासारखी फुगून वर येत असेल, तर गरोदरपणात ताणलेले स्नायू परत एकत्र आलेले नाहीत. दोन बाळंतपणांनंतर हे पुष्कळ बायकांत सापडतं. शेवटी उभ्या राहून खोका आणि सिझरच्या टाक्यांपाशी किंवा बेंबीपाशी काही बाहेर येतंय का ते हात लावून बघा. येत असेल तर हर्निया असू शकतो. तो न तपासता कुणी पोटात नळी घातली तर आतड्याला भोक पडू शकतं. ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. लायपोसक्शनमध्ये जीव जाण्याची जी मोजकी कारणं आहेत, त्यांत हे एक आहे.

तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की तुमच्याकडे थोडी चरबी, बरीच सैल कातडी आणि बहुधा फटलेले स्नायू, असं तिन्हींचं मिश्रण असावं. हाताने तपासल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही, पण तसं असेल तर नुसत्या लायपोसक्शनने तुमची निराशा होईल. उशीतला कापूस काढला की अभ्रा ढिला पडतो, तशी चरबी गेली की वरची कातडी आणखी लोंबते. चाळिशीनंतर, दोन गरोदरपणांत ताणलेली आणि व्रण पडलेली कातडी आपोआप आवळून येईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. लेझरची उष्णता कातडी थोडी आवळते हे खरं, पण थोडीच. लोंबणारी झोळ तिने जात नाही.

अशा पोटासाठी वेगळी शस्त्रक्रिया असते, तिला टमी टक म्हणतात. सिझरच्या रेषेच्या जवळून एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत आडवा छेद घेतात, जादा कातडी कापून टाकतात, फटलेले स्नायू मधोमध शिवून जवळ आणतात आणि बेंबीसाठी नवी जागा करतात. कुशींतली चरबी त्याच वेळी लायपोसक्शनने काढता येते. निकाल नक्कीच जास्त चांगला दिसतो. पण किंमतही जास्त मोजावी लागते: लांब कायमचा व्रण, काही दिवस अंगाला ड्रेनच्या नळ्या, पहिला आठवडा वाकून चालणं, सहा आठवडे जड काही उचलायचं नाही आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका नुसत्या लायपोसक्शनपेक्षा अधिक. शिवाय पुढे मूल हवं असेल तर दोन्ही गोष्टी तोवर थांबवाव्यात.

जाहिरातीतलं "टाका नाही" म्हणजे काय तेही सांगते. लेझर असो, अल्ट्रासाउंड असो किंवा साधी पद्धत, ३ ते ५ मिलिमीटरची भोकं पाडावीच लागतात. बेंबीच्या आत, ओटीपोटाच्या खाली, कुशींत. ती कधी उघडी ठेवतात, कधी एखादा टाका घालतात. उघडी ठेवतात ती आतलं पाणी झरून जावं म्हणून. त्या भोकांतून आधी औषधी पाणी सोडतात. एक लिटर सलाईनमध्ये साधारण १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन, ५०० ते १००० मिलिग्रॅम लिग्नोकेन आणि थोडं सोडियम बायकार्बोनेट. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, लिग्नोकेनने तो भाग बधिर होतो. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ साली ही पद्धत मांडली आणि लायपोसक्शनमधला रक्तस्राव एकदम कमी झाला. पाणी सोडल्यावर कातडी पांढुरकी आणि ताठ होईपर्यंत थांबायचं, मग ३–४ मिलिमीटर जाडीची, टोक बोथट असलेली पोकळ नळी आत घालून पंख्यासारखी मागेपुढे फिरवत चरबी ओढून घ्यायची. कातडीच्या लगतचा चरबीचा पातळ थर मुद्दाम शिल्लक ठेवतात. तो खरवडला की वर खड्डे आणि लाटा दिसतात, आणि त्या दुरुस्त करणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा कठीण असतं. म्हणून "जमेल तेवढं सगळं काढा" असं डॉक्टरांना कधीच सांगू नका.

लिग्नोकेनचा हिशेब तुम्हीही करू शकता. नेहमीची मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम. तुमच्या ७२ किलोला २५२० मिलिग्रॅम. लिटरमागे १००० मिलिग्रॅम घातलं तर अडीच लिटरच पाणी सोडता येईल, ५०० घातलं तर पाच लिटर. एका दिवसात पोट, पाठ, दंड, मांड्या असं सगळं करून देतो म्हणणारा हा हिशेब कुठेतरी मोडतो. हे औषध चरबीतून हळूहळू रक्तात उतरतं आणि साधारण १२ तासांनी रक्तातली पातळी सगळ्यात जास्त होते. म्हणजे दुपारी ऑपरेशन झालं तर मध्यरात्री. ओठ-जीभ बधिर होणं, तोंडात धातूची चव, कानात आवाज, चक्कर, अंगाला झटके ही त्याची लक्षणं. "त्याच दिवशी घरी" हे दादरला राहणाऱ्या बाईला एखादवेळ चालेल. त्या रात्री तुम्ही मालवणच्या गाडीत असता कामा नये.

शुगरबद्दल. नाही, उतरणार नाही. २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटातून मोठ्या प्रमाणात, सरासरी १० किलोच्या आसपास चरबी लायपोसक्शनने काढली होती. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचं काम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कशातच फरक नव्हता. शरीर स्वतः खर्च करून जी चरबी उतरवतं, तिनेच शुगर सुधारते. तुमचं ६.१ हे ५.७ ते ६.४ या डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या पट्ट्यात येतं. तुमच्यासारख्या माणसांवर अमेरिकेत झालेला मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढंच ध्येय दिलेल्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ७२ किलोचे ७ टक्के म्हणजे ५ किलो. रोजची २०–२५ मिनिटं जोरात चाल, रात्रीचा भात निम्मा आणि पाहुण्यांसोबत दिवसभर होणारे गोड चहा बंद, इथून सुरुवात करा. आईला डायबेटिस होता म्हणून तर हे लायपोसक्शनपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे.

शिवाय शस्त्रक्रियेसाठीही ते उपयोगी पडतं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २९ आहे. ३० च्या खाली असल्याने तुम्ही अगदी बाद ठरत नाही, पण वजन आधी उतरवून किमान तीन ते सहा महिने स्थिर ठेवलं तर आकार जास्त सुबक येतो आणि धोकाही घटतो.

गेलेली चरबी परत येते का? नळीने काढलेल्या पेशी परत उगवत नाहीत, पण उरलेल्या पेशी फुगतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात मांड्या आणि ओटीपोटातून चरबी काढलेल्या स्त्रियांच्या अंगात वर्षभराने तेवढीच चरबी पुन्हा जमली होती. मांड्या बारीक राहिल्या, भर पडली ती पोटाच्या वरच्या भागात, खांद्यांत, दंडांत. ब्राझीलमधल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांच्या पोटाच्या आतली चरबी सहा महिन्यांत वाढलेली दिसली. व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही. आतली चरबी हीच शुगरला वाईट असते, हे तुमच्या बाबतीत विसरून चालणार नाही.

आता नंतरचे दिवस. पहिले एक-दोन दिवस भोकांतून गुलाबीसर पाणी गळतं, कधी चादर भिजेपर्यंत. ते निव्वळ रक्त नसतं, त्याला घाबरू नका. गादीवर प्लास्टिक आणि वर जुन्या सुती साड्या घाला. सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच बायकांना वाटतं की पैसे पाण्यात गेले. काळं-निळं अंग दोन ते चार आठवडे राहतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोटाला हात लावला की आत गाठी आणि कडकपणा लागतो, कातडी बधिर असते. हे बहुतेकांना होतं आणि दोन-तीन महिन्यांत मऊ पडतं. बरीचशी सूज चार ते सहा आठवड्यांत उतरते, पण अंतिम आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर भोकांचे डाग काळसर राहतात आणि फिकट व्हायला वर्षही लागू शकतं.

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात दर दोन तासांनी चालायचं, झोपून राहायचं नाही. बसून हिशेब, बुकिंगचे फोन हे आठवड्याभरात जमेल. पण तुमचं काम खुर्चीतलं नाही. माशांच्या पाट्या, भाताचे टोप, विहिरीचं पाणी, पाहुण्यांच्या गाद्या हे चार ते सहा आठवडे दुसऱ्या कुणी करायचं. चुलीची धग तीन आठवडे टाळा, उष्णतेने सूज वाढते. समुद्रात किंवा तळीत उतरणं भोकं पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे निदान तीन-चार आठवडे बंद.

आणि तो घट्ट पट्टा, प्रेशर गारमेंट. याच्याबद्दल शहरातले डॉक्टर दोन वाक्यांत सांगून मोकळे होतात, पण आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धा त्रास त्याचाच असतो. पहिले दोन-तीन आठवडे आंघोळ सोडून दिवसरात्र, पुढे सहा आठवड्यांपर्यंत दिवसाचे बारा तास तरी तो घालायचा. त्याने सूज आटोक्यात राहते आणि कातडी खालच्या थराला नीट चिकटते. मार्च ते मेच्या घामात त्याच्याखाली घामोळं आणि जांघेत, ओटीपोटाच्या घडीत गजकर्ण हमखास. म्हणून दोन गारमेंट घ्या, एक अंगावर, एक धुवायला. आतून बिनशिवणीचा पातळ सुती बनियन घाला, भिजला की बदला. आंघोळीनंतर घड्या टिपून पंख्याखाली पूर्ण कोरड्या करा. खाज सुटली तर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका, गजकर्ण त्याने पसरतं आणि चिवट होतं. डॉक्टरांना फोटो पाठवा. बसल्यावर गारमेंटची वरची कड गुंडाळली जाते, ती दर वेळी सरळ करा. तिथे दिवसेंदिवस दाब पडून कायमची खाच राहिलेली दिसते.

खाण्यात मासे बंद करायचे, नाहीतर जखम चिघळते, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. त्यात तथ्य नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, ताजी मासळी त्यासाठी उत्तम. बंद करायचं ते मीठ: सुकट, खारा बांगडा, पापड, लोणचं. सूज त्याने रेंगाळते.

हे सगळं बघता वेळ कोणती? मार्चच्या सुरुवातीला केलंत तरी लग्नात थोडी सूज आणि आत गाठी उरलेल्या, अंतिम आकार आलेला नाही आणि घरात पर्यटकांचा हंगाम. तुमच्यासाठी जूनचा दुसरा पंधरवडा बरा. होड्या बंद, पाहुणे कमी, स्वयंपाकघर मोकळं. मात्र पावसात गारमेंट वाळत नाही, घाटात दरड येते, याची तयारी ठेवा. जुलै उलटू देऊ नका, कारण पुढे गणपती. घराची साफसफाई, चाकरमानी, तासन् तास पाटावर बसून मोदक वळणं हे सहा आठवड्यांच्या आत अजिबात नको. तो मुहूर्त हुकला तर सरळ पुढचा जून. वजन उतरवायला वेळही मिळेल.

बिघडतं काय आणि कशामुळे, तेही माहीत असू द्या. कातडीखाली पाणी साठून डुचमळणं, याला सिरोमा म्हणतात. सुईने एक-दोनदा काढलं की बहुधा मिटतं. उंचसखलपणा राहणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. पोकळ नळ्या आतून ब्रशने घासून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) न करता नुसत्या औषधी द्रावणात बुडवून वापरल्या, तर क्षयरोगाच्या जंतूंच्या जातकुळीतला एक जंतू शिरतो. तो काही आठवड्यांनी गाठी आणि न भरणाऱ्या जखमा देतो आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. उपचार महिनोन् महिने चालतात. "नळ्या ऑटोक्लेव्ह होतात ना?" हा प्रश्न लाजू नका, विचारा.

थांबायचं नाही अशी लक्षणं वेगळी आहेत. एकच पोटरी सुजून दुखणं. अचानक दम लागणं, छातीत दुखणं. पहिल्या तीन दिवसांत गोंधळल्यासारखं बोलणं. पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी तासातासाला वाढणं, सोबत ताप आणि उलट्या. कातडी काळसर पडून तिथे असह्य दुखणं. यांतलं काहीही दिसलं तर क्लिनिकच्या व्हॉट्सॲपवर उत्तराची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठा आणि लायपोसक्शन झालंय हे पहिल्या वाक्यात सांगा.

डॉक्टर निवडताना एम.सी.एच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी बघा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा यासाठी पुरेसा नाही. ऑपरेशन कुठे होणार, भूलतज्ज्ञ संपूर्ण वेळ हजर असणार का, गरज पडली तर आयसीयू कोणतं, रात्री फोन कोण उचलणार, हे चार प्रश्न. आणि तुमच्या पोटाला हात न लावता, उभं आणि झोपवून न तपासता, फोटोवर पॅकेज सांगणाऱ्याकडे जाऊच नका. पैशांचं म्हणाल तर सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम मिळत नाही, वर १८ टक्के जीएसटी. भूल, रुग्णालय, तपासण्या, दोन गारमेंट आणि पुन्हा दाखवायला जाण्याचा खर्च पॅकेजात आहे का, ते लिहून घ्या.

तयारीत रक्त, शुगर, थायरॉइड, ईसीजी होतीलच. गर्भनिरोधक गोळ्या, ॲस्पिरिन, वजन उतरवायच्या कॅप्सुली, काढे, जे काही घेता ते सगळं सांगा. गुठळी आणि रक्तस्राव दोन्ही त्यावर अवलंबून. मिशरी लावत असाल तर तेही. सिगारेट ओढत नाही म्हणून बायका "तंबाखू नाही" असं सांगतात, पण मिशरीतलं निकोटिन रक्तवाहिन्या तसंच आवळतं आणि जखमेच्या कडा मरतात. आधी चार आठवडे, नंतर चार आठवडे पूर्ण बंद.

मुंबईला करायचं तर नंतर निदान आठवडाभर तिथेच, एखाद्या नातेवाइकाकडे राहा. लगेच आठ-दहा तासांचा प्रवास म्हणजे गुठळीला आमंत्रण. कोल्हापूर किंवा गोवा जवळ पडतं, तिथे चार-पाच दिवस थांबून निघालात तरी चालेल, दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं. पुन्हा दाखवायला तीन-चार फेऱ्या होतात, हेही अंतर ठरवताना धरा.

यजमानांना मात्र सांगाच. लपवून करण्यासारखं यात काही नाही, आणि लपवता येणारही नाही. पहिल्या रात्री उठवायला, गारमेंट चढवायला माणूस लागतो, सहा आठवडे टोप दुसऱ्याने उचलावे लागतात. वर लिहिलेली धोक्याची लक्षणं रात्री दोन वाजता ओळखणारं कुणीतरी शेजारी हवं. सासूबाईंना "पोटाचे स्नायू फटलेत का ते तपासतेय" एवढं सांगितलंत तरी सुरुवात होईल, आणि ते खरंही आहे.

या महिन्यात कुडाळला किंवा ओरोसला पोटाची सोनोग्राफी करून घ्या. चिठ्ठीवर "पोटाच्या भिंतीची तपासणी, स्नायूंमधलं अंतर आणि हर्निया" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर फक्त यकृत, पित्ताशय बघून रिपोर्ट देतात. तो रिपोर्ट घेऊन एका प्लास्टिक सर्जनला भेटा, जमलं तर दोघांना. तोवर कोणत्याही क्लिनिकला ॲडव्हान्स भरू नका, "ऑफर उद्या संपतेय" असा फोन आला तरी.